चार घागरी पाणी: मंत्रचळ जडलेल्या मुलाचे कुटुंब आणि पालकांचा सोबत गट

या नोंदीविषयी

ही नोंद बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेल्या एका गावातील कुटुंबाची आहे. घरातील मुलाला मंत्रचळ जडला होता, म्हणजे एकच भीती डोक्यातून हलेना आणि त्यापायी तो पुन्हा पुन्हा हात धूत राही. नावे बदलली आहेत, गावाचे नाव दिलेले नाही आणि ओळख पटू शकेल असे काही तपशील मुद्दाम फिरवले आहेत. मानसिक आजार असलेल्या मुलांच्या पालकांचा एक लहान सोबत गट मी तालुक्याच्या गावी चालवते. या प्रकरणात गटाचा उपयोग झाला आणि गटामुळे नुकसानही झाले. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या हातून, एकाच चांगुलपणातून घडल्या. असे का झाले आणि त्यात आमचा वाटा किती होता, हे तपासण्यासाठी ही मांडणी केली आहे.

पार्श्वभूमी

वैभव तेव्हा १५ वर्षांचा होता आणि नववीत शिकत होता. घरात आई सुनीता, वडील, आजी आणि सहा वर्षांची धाकटी बहीण. दोन एकर कोरडवाहू जमीन, तीत कापूस आणि तूर. दसरा झाला की आई-वडील ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मुकादमाकडून मिळणारी उचल, म्हणजे आगाऊ रक्कमही, त्या जोडीलाच मिळते. दोघांपैकी एक जण मागे राहिला तर कोयता मोडतो आणि घेतलेली उचल अंगावर राहते. हा हिशेब इथे सुरुवातीलाच सांगितला, कारण पुढच्या जवळजवळ प्रत्येक निर्णयाच्या आड तो आला.

दुसरी गोष्ट पाण्याची. २०२३ चा पावसाळा मराठवाड्यात सरासरीपेक्षा कमी झाला आणि फेब्रुवारीपासून या गावाला टँकर सुरू झाला. टँकरच्या गावात माणशी दिवसाला २० लिटर पाणी गृहीत धरतात. त्या हिशेबाने पाच माणसांच्या घराला १०० लिटर मिळायला हवे. प्रत्यक्षात टँकर कधी एक दिवसाआड, कधी तीन दिवसांनी येत असे.

उपचारांची सोय कितपत जवळ होती, हेही नोंदवले पाहिजे. राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही. या कुटुंबासाठी सर्वांत जवळचा मनोविकार विभाग सुमारे ७० किलोमीटरवरच्या वैद्यकीय महाविद्यालयात होता. तिथे जायला दोन एसट्या बदलाव्या लागत आणि त्या दिवसाची मजुरी बुडत असे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली, तेव्हा १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला होता. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरीही, आपल्या तालुक्यातील एखाद्या हायस्कूलच्या पटाशी हे प्रमाण ताडून पाहिले तर वैभवसारखा एकटाच मुलगा असणे शक्य नाही, एवढे कोणालाही कळेल.

आमच्या गटात तेव्हा सात कुटुंबे होती. मुलांचे आजार वेगवेगळे होते: दोघांना तीव्र स्वरूपाचा मनोविकार, एकीला द्विध्रुवीय आजार (कधी अतिउत्साह, कधी खोल उदासी), एकाला अतिचंचलता, उरलेल्यांना मतिमंदत्वासोबत वर्तनाच्या अडचणी. बैठक दर दुसऱ्या आठवड्याला, बाजाराच्या दिवशी, मोंढ्यातील, म्हणजे धान्यबाजारातील, एका आडत दुकानाच्या माडीवर होत असे. जागा निवडण्यात आमची हुशारी काहीच नव्हती. ती एका आईने सुचवली. दवाखान्याच्या आवारात बसलो तर पाहणारा विचारतो, देवळाच्या सभामंडपात बसलो तर सोयरे भेटतात. बाजाराच्या दिवशी मोंढ्यात जाणाऱ्या बाईला मात्र कोणी काही विचारत नाही.

अडचण कशी वाढत गेली

सप्टेंबरात वैभवच्या वडिलांना कापसावर फवारणी करताना विषबाधा झाली आणि दोन दिवस ग्रामीण रुग्णालयात ठेवावे लागले. ते बरे झाले. त्या दिवशी पंपात पाणी ओतायला वैभव सोबत होता, आणि संध्याकाळी घरी येऊन त्याने बहिणीला स्वतःच्या हाताने भाकरीचा घास भरवला होता. तिला काही झाले नाही. पण “माझ्या हाताला औषध राहिलं असंल आन् तायडीच्या पोटात जाईल” हा विचार त्या दिवसापासून त्याच्या डोक्यातून हलेना. आमच्या भागात फवारणीच्या विषालाही औषधच म्हणतात, आणि पुढे दवाखान्यातल्या गोळ्यांच्या वेळी या एका शब्दाने बराच घोळ घातला.

नोव्हेंबरात आई-वडील धाकटीला घेऊन कारखान्यावर गेले आणि वैभव शाळेसाठी आजीजवळ राहिला. तो हात धुतो एवढेच आजीला दिसत होते. नातवाला पाण्याला नाही म्हणणे तिच्याने होईना, म्हणून ती पहाटे उठून हापशावरून दोन खेपा जास्त आणू लागली. त्या वर्षी पाडव्याच्या आधीच आई परतली तेव्हा त्याच्या दोन्ही हातांची साले निघाली होती, बोटांच्या पेरांवर चिरा पडून रक्त दिसत होते आणि न्हाणीत कपड्याच्या साबणाच्या वड्यांचा खच होता. दिवसाला चार घागरी पाणी एकट्या हात धुण्याला जात होते. म्हणजे अंदाजे ५० लिटर. टँकरच्या हिशेबाने अडीच माणसांचा वाटा.

सुरुवातीच्या आठवड्यांत घरात जे घडले ते अशा बहुतेक घरांत घडते. वडिलांनी मारले. आजीने एका देवस्थानी नेऊन पाच अमावास्या बोलल्या. आईने शेजारणीकडून उसने पाणी आणून लपवून ठेवले. वैभव तिला दिवसातून तीस-चाळीस वेळा विचारायचा, “आई, माझ्या हाताला काही नाही ना?” आणि ती प्रत्येक वेळी त्याचे हात उलटसुलट पाहून “नाही रे सोन्या, काही नाही” म्हणायची. त्याला दहा मिनिटे बरे वाटायचे, की पुन्हा तोच प्रश्न. आईच्या दृष्टीने ती लेकराला धीर देत होती. आजार मात्र याच उत्तरांवर पोसत होता. मंत्रचळाच्या आजारात, ज्याला डॉक्टर ओसीडी म्हणतात, घरच्यांनी भीतीला पुरवलेला असा हातभार आजार घट्ट करतो, ही गोष्ट मानसोपचारात सुपरिचित आहे. ती सुनीताबाईंना कळण्याचे काही कारण नव्हते.

तासाला दोन-तीनदा वर्गाबाहेर जाणाऱ्या मुलाच्या वह्या ओल्या का असतात, हे वर्गशिक्षकांच्या लक्षात आले. त्यांनी गावात आरोग्याचे काम पाहणाऱ्या आशाताईंना सांगितले. आशाताई आमचा गट ओळखत होत्या.

समोर असलेले पर्याय

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वैद्यकीय महाविद्यालयात निदान झाले. तीव्रता मोजण्याच्या पट्टीवर आजार ‘तीव्र’ गटात आला. गोळ्या सुरू झाल्या आणि मानसशास्त्रज्ञांनी भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याचा उपचार सुचवला: भीती वाटते त्या वस्तूला हात लावायचा, आणि नंतर धुण्याची ऊर्मी आली तरी ठरलेला वेळ थांबायचे. यासाठी आठवड्याला एक भेट हवी होती. कुटुंबाला महिन्याला एकच भेट परवडत होती.

या परिस्थितीत आम्ही नेमके काय करायचे, हा पहिला निर्णय होता. कुटुंबाला फक्त दवाखान्याशी जोडून देऊन मधल्या काळात १४४१६ या टेलिमानस क्रमांकाचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, आधार घ्यायला सांगणे, हा एक मार्ग. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून मोफत चालते आणि मराठीत बोलता येते. पण अनोळखी माणसाशी फोनवर बोलायला सुनीताबाई तयार नव्हत्या. दुसरा मार्ग, त्यांना सरळ बैठकीत आणणे. तिसरा, गटातील एका अनुभवी आईशी जोडी लावून देणे आणि बैठकीला येण्याचा निर्णय त्यांच्यावर सोडणे. मंत्रचळाचाच अनुभव असलेले पालक सापडेपर्यंत थांबावे, असेही एकदा बोलण्यात आले. आमच्या सात कुटुंबांत तसे कोणी नव्हते, आणि आई दिवसरात्र रडत असताना ‘थांबा’ म्हणणे आम्हाला क्रूर वाटले.

आम्ही तिसरा मार्ग निवडला आणि जोडीदार म्हणून कमलबाईंचे नाव नक्की केले. त्यांचा मुलगा २२ वर्षांचा. सहा वर्षांपूर्वी त्याला तीव्र मनोविकार झाला, आवाज ऐकू येऊ लागले, दोनदा दाखल करावे लागले. आता तो एका गॅरेजवर कामाला जातो. कमलबाई गटाच्या पहिल्या दिवसापासूनच्या, बोलायला मोकळ्या आणि कोणाच्याही घरी पायी जाणाऱ्या. तेव्हा त्यांच्याकडे आधीच तीन कुटुंबे होती. चौथे दिले तर चालेल का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “द्या की, त्याला काय हुतंय.” त्यांच्या होकारावर मी समाधान मानले, तीन कुटुंबांची दुःखे ऐकून घरी गेल्यावर त्यांचे स्वतःचे कोण ऐकते, हे विचारायचे मला सुचले नाही.

पहिले पाच आठवडे

पहिल्या भेटीला मी हजर होते. कमलबाई ओसरीवर बसल्या, पाणी मागितले नाही. घरात पाण्यावरून काय चालले आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि पाहुणीने पाणी न मागणे ही त्या दिवसांत त्या घरासाठी किती मोठी गोष्ट होती हे सुनीताबाईंनी मला पुढे कित्येक महिन्यांनी सांगितले. कमलबाईंनी आजाराबद्दल काही विचारले नाही. स्वतःच्या मुलाला पहिल्यांदा दवाखान्यात नेले त्या दिवशी आपण सोयऱ्यांना काय खोटे सांगितले होते, ते सांगितले. “म्या सांगितलं, पोटाचं दुखणं हाय. सहा महिने पोटच दुखत होतं त्याचं.” सुनीताबाई रडता रडता हसल्या.

त्यानंतर त्या दोन बैठकांना आल्या. नवरा, सासू, सोयरे, देवस्थान, शेजारणीची नजर, लेकराला मारल्यानंतर रात्री येणारी झोपमोड, या कशाबद्दलही गटात त्यांना नवीन काही समजावून सांगावे लागले नाही. मुलांचे आजार निरनिराळे असले तरी घरांची अवस्था सारखीच होती. इथवर जोडीचा निर्णय बरोबर ठरला, असे मी आजही म्हणेन.

गोळ्या थांबल्या

मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत गोळ्या सुरू होऊन पाच आठवडे झाले होते आणि फरक दिसत नव्हता. या आजारात गोळ्यांचा परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडेही लागू शकतात. डॉक्टरांनी ते सांगितले होते. पण गर्दीच्या ओपीडीत पाच मिनिटांत ऐकलेल्या गोष्टींपैकी सुनीताबाईंच्या लक्षात राहिले ते एवढेच, की गोळी रोज द्यायची आहे.

त्यांनी रात्री कमलबाईंना फोन केला. त्या फोनवर काय बोलणे झाले, याच्या दोन हकिकती आहेत आणि मी दोन्ही तशाच नोंदवते. कमलबाई म्हणतात, मी फक्त माझ्या लेकराचे काय झाले ते सांगितले: तो झोपून राहायचा, तोंडातून लाळ गळायची, वर्षात वीस किलो वजन वाढले, आणि गोळ्या जन्मभराच्या आहेत असे सांगितल्यावर मी किती रडले. सुनीताबाई म्हणतात, “त्यांनी थांबव म्हणलं नाही. पण मला थांबवच ऐकू आलं.”

दोन मुलांचे आजार निराळे होते आणि गोळ्याही निराळ्या गटातील होत्या. कमलबाईंनी सांगितलेल्यातले एक अक्षरही खोटे नव्हते. ते वैभवच्या गोळ्यांना मात्र लागू नव्हते. शिवाय घरात ‘औषध’ हा शब्द आधीच विषाचा झाला होता. वैभव स्वतःच म्हणत असे, “मला औषध नको, औषधानंच झालंय हे सगळं.” त्या रात्री सुनीताबाईंनी गोळ्यांच्या पट्ट्या पिठाच्या डब्यात खाली दडवल्या आणि कोणाला काही सांगितले नाही.

गोळ्या एकदम बंद केल्याने चार दिवसांत वैभवला चक्कर येऊ लागली, तो चिडचिडा झाला आणि धुणे पूर्वीपेक्षा वाढले. आठव्या दिवशी बहिणीने ताटाला हात लावला म्हणून तो जेवला नाही. वडिलांनी पाण्याच्या टाकीला कुलूप घातले. मुलगा कुलूप पाहून आधी माती घेऊन हात घासत राहिला, मग शेजारच्या घरात शिरून त्यांच्या रांजणात हात बुडवला. टँकरच्या दिवसांत दुसऱ्याच्या पिण्याच्या रांजणात हात घालणे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. भांडण गल्लीभर झाले.

मला हे अकराव्या दिवशी कळले, तेही आडवाटेने. पुढच्या भेटीची तारीख ठरवायला मी फोन केला आणि सहज विचारले, “गोळ्या संपत आल्या असतील ना?” त्या म्हणाल्या, “दोन पट्ट्या हायेत की.” हिशेबाने एकही पट्टी शिल्लक असायला नको होती.

गट बंद करावा का

दुसऱ्याच दिवशी वैभवला दवाखान्यात नेले आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या कमी मात्रेपासून पुन्हा सुरू झाल्या. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे म्हणणे स्पष्ट होते: पालकांनी एकमेकांशी भावनांबद्दल बोलावे, औषधांबद्दल बोलणे पूर्ण बंद करावे. आमच्या संस्थेतील एका सहकाऱ्याचे मत त्याहून कडक होते; जोड्या मोडाव्यात आणि मी हजर असेन तेवढीच बैठक घ्यावी. कमलबाई स्वतः दोन बैठकांना आल्या नाहीत. मी त्यांच्या घरी गेले तर म्हणाल्या, “माझ्या तोंडानं लेकराचं वाटोळं झालं. मला ह्यातनं मोकळं करा.”

मी हा प्रश्न जूनच्या पहिल्या बैठकीत सर्वांपुढे ठेवला. नाव घेतले नाही, पण कोणाबद्दल बोलतो आहोत हे सगळ्यांना कळत होते. बोलणे बंद करण्याच्या सूचनेवर द्विध्रुवीय आजार असलेल्या मुलीची आई म्हणाली, “मग आम्ही बोलायचं काय? घरात रोजचं भांडण गोळीवरूनच असतं.” हे उत्तर मला निर्णायक वाटले. जिथे सर्वांत जास्त भीती आहे तोच विषय बंद केला तर बायका त्यावर बोलायच्या थांबत नाहीत. त्या फोनवर, रात्री, आमच्या माघारी बोलतात. सुनीताबाईंचा फोन तसाच झाला होता.

म्हणून मधला मार्ग ठरला. ‘माझ्या लेकराला काय झालं’ हे कोणीही सांगावे. सांगताना आजाराचे नाव सोबत घ्यावे, म्हणजे ऐकणारीला आपले आणि तिचे वेगळे आहे हे कळेल. ‘तुझ्या लेकराला असं कर’ हे गोळीच्या बाबतीत कोणीही म्हणू नये. मनात आलेला प्रत्येक प्रश्न शंभर पानी वहीत लिहावा, लिहिता येत नसेल तर दुसरीकडून लिहून घ्यावा. महिन्यातून एकदा ठरलेल्या वेळी मी ते प्रश्न डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवेन आणि उत्तरे पुढच्या बैठकीत सांगेन. त्याआधी निकड वाटली तर १४४१६. डॉक्टर थोड्या नाखुशीने तयार झाले. पहिल्याच महिन्यात वहीत १४ प्रश्न आले. “उपासाच्या दिवशी गोळी चालते का?” हा पहिला. “एक दिवस विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या का?” हा दुसरा, आणि त्याचे ‘नाही, आपल्या मनाने दोन देऊ नका’ हे उत्तर ऐकून तीन जणी एकमेकींकडे पाहू लागल्या. तिघीही आजवर दोन देत होत्या.

गुप्ततेचा प्रश्नही याच बैठकीत निघाला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमातील कलम २३ रुग्णाला गुप्ततेचा हक्क देते आणि उपचार करणाऱ्यांवर ती पाळण्याचे बंधन घालते. मात्र शेजारी बसलेल्या दुसऱ्या आईवर हे बंधन नाही. तिथे शब्दावरच भिस्त असते, आणि तो शब्द आम्ही तोवर कधी उघडपणे मागितलाच नव्हता.

दुसरी जोडी

जोडी लावताना सारखा आजार आवश्यक नाही, हे आमचे गृहीत अर्धेच खरे निघाले. मनाच्या सोबतीसाठी कमलबाई पुरेशा होत्या. रोजच्या वागणुकीसाठी, म्हणजे लेकरू चाळिसाव्यांदा तोच प्रश्न विचारते तेव्हा तोंडातून काय काढायचे, यासाठी त्याच आजारातून गेलेली आई हवी होती. महाविद्यालयातील मानसशास्त्रज्ञांनी आधी त्या बाईंची परवानगी घेतली आणि मग आम्हाला लातूरच्या रेहानाभाभींचा क्रमांक दिला. त्यांच्या मुलीला बाराव्या वर्षी हाच आजार झाला होता. नमाजाआधीचा वजू, म्हणजे हात-तोंड-पाय धुण्याचा विधी, नीट झाला नाही असे वाटून ती तो पंधरा-वीस वेळा करायची. लातुरातही पाणी मुबलक कधीच नव्हते. ती मुलगी आता १९ वर्षांची आहे आणि नर्सिंग शिकते.

पहिला फोन ५० मिनिटे चालला. भाभींनी सुरुवात कशाने केली ते सुनीताबाईंनी मला सांगितले: “त्या म्हणल्या, मैंने मारा है उसको. चप्पल से. मग मी पण सांगितलं, मी चटका दिलाय.” ही गोष्ट त्यांनी तोवर डॉक्टरांना, मला किंवा कमलबाईंनाही सांगितली नव्हती.

भाभींनी दिलेली व्यवहारातील मदत मुख्यतः दोन गोष्टींची. एक, उत्तराची. “नाही रे सोन्या” याऐवजी शांतपणे विचारायचे, “हा सवाल तुझा आहे का त्याचा?”, म्हणजे आजाराचा, आणि मग उत्तर न देता हातातले काम चालू ठेवायचे. सुनीताबाईंना पहिले चार दिवस हे जमले नाही. पाचव्या दिवशी त्या चुलीपुढे पाठ करून बसल्या आणि वैभव बाहेर रडत असताना पीठ मळत राहिल्या. दोन, पाण्याची. पाणी एकदम तोडायचे नाही, मुलाच्या माघारी तर मुळीच नाही. वैभवशी बसून ठरले की हात धुण्याची घागर वेगळी राहील, मोजून तांब्याने घ्यायची आणि दर आठवड्याला दोन तांबे कमी करायचे. मानसशास्त्रज्ञांच्या योजनेशी हे जुळते का, ते त्यांना विचारूनच पुढे गेलो. कुलुपाने जे झाले नाही ते तांब्याने होऊ लागले, कारण तांब्याचा आकडा वैभवने स्वतः सांगितलेला होता.

वडिलांना बैठकीत आणण्याचे सर्व प्रयत्न फसले. गटात सगळ्या बायका, तिथे त्यांनी येऊन बसावे ही अपेक्षाच चूक होती. शेवटी अतिचंचल मुलाचे वडील बाजारात त्यांना चहाला घेऊन गेले. काय बोलले ते मला माहीत नाही आणि मी विचारलेही नाही. दुसऱ्या दिवशी टाकीचे कुलूप निघाले.

परिणाम

दिवाळीपर्यंत धुण्याचे पाणी दिवसाला चार घागरींवरून अर्ध्या घागरीच्या आत आले. हातांची साले भरून आली. आईला विचारण्याचे प्रश्न पाच-सहावर आले. मोजपट्टीवर आजार ‘तीव्र’मधून ‘मध्यम’ गटात उतरला. वैभव दहावीच्या वर्गात नियमित जातो, वर्गशिक्षकांशी ठरल्याप्रमाणे मधल्या सुट्टीखेरीज बाहेर पडत नाही. फवारणीच्या पंपाला हात लावणे ही उपचारात ठरलेल्या त्याच्या भीतीच्या यादीतील शेवटची पायरी आहे. ती अजून बाकी आहे. बहिणीच्या शेजारी बसून तो जेवतो, तिला घास भरवत नाही.

त्या वर्षी सुनीताबाई कारखान्यावर गेल्या नाहीत. वडील चुलतभावासोबत गेले, उचल निम्म्याहून कमी मिळाली आणि आधीचे देणे फिटले नाही. गटाला यात काहीही करता आले नाही.

कमलबाई परत आल्या. आता त्यांच्याकडे दोनच कुटुंबे आहेत. जोडीदार पालकांसाठी महिन्यातून एकदा वेगळे बसणे आम्ही सुरू केले आहे आणि त्यात कमलबाईच सर्वांत जास्त बोलतात.

पुन्हा करायचे झाले तर

जोडी लावण्याआधी दोघींना एकत्र बसवून दोन मुलांच्या आजारांतील फरक साध्या शब्दांत सांगेन, आणि ‘पाच आठवड्यांत फरक दिसणार नाही’ हे वाक्य कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देईन. पहिले दोन महिने गोळ्यांच्या पट्ट्या दर आठवड्याला पाहीन. त्यात अविश्वास वाटेल ही माझी भीती फुकाची होती. गोळीला गोळीच म्हणेन, औषध म्हणणार नाही.

याहून मोठी चूक मला उशिरा कळली. जुलैत वैभव मला म्हणाला, “मॅडम, माझ्या पाण्याचं मोंढ्यात सगळ्यांना माहीत आहे.” आवाजात राग नव्हता. तीन महिने आम्ही आईची संमती, आईची गुप्तता, आईचा शब्द यांचाच विचार करत होतो. सांगितली जाणारी गोष्ट १५ वर्षांच्या मुलाची आहे आणि त्याला कोणी विचारलेले नाही, हे सात कुटुंबांपैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते, माझ्याही नाही. आता प्रत्येक आई गटात येण्याआधी मुलाला, त्याच्या समजुतीप्रमाणे, काय सांगू आणि काय नको हे विचारते. वैभवचे उत्तर होते, “पाण्याचं सांगा. तायडीचं सांगू नका.”

ही नोंद लिहून झाल्यावर मी ती त्याला वाचायला दिली आणि बहिणीचा उल्लेख काढायचा का, असे विचारले. गावाचे नाव नाही हे दोनदा पाहून तो म्हणाला, राहू द्या. मग पेन मागून घेतला आणि वडिलांबद्दलची दोन वाक्ये खोडली. ती इथे नाहीत.